ईश्वराच्या बाजूने कु. दीप्ती अरविंद खांबे

अरविंद खांबे पोलादपूरला मंडळ अधिकारी होते. लोक त्यांना सर्कलसाहेब म्हणत. सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढताना भावकीतल्या कुणी हरकत घेतली, तर दोन्ही बाजू ऐकून निकाल द्यायचा, हे त्यांचं काम. आयुष्यात इतक्या हरकती ऐकल्या होत्या की बायकोनं, राजश्रीनं, "आमटीत मीठ कमी झालंय का हो?" असं विचारलं तरी ते आधी "असं कोण म्हणतं?" असं विचारत.

राहायला महाडला. घरात देव नव्हता. खांब्यांच्या आजोबांनी, म्हणजे हैबतींनी, धर्मांतराच्या वेळी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून सावित्री नदीत सोडले होते. तेव्हापासून घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि पुस्तकांचं कपाट. खांब्यांना या गोष्टीचा अभिमान होता, पण तो ते बोलून दाखवत नसत. पोरीला मिशनच्या शाळेत घालतानाही त्यांनी शिक्षण चांगलं आहे एवढंच पाहिलं होतं. सिस्टर लोक गळ्यात क्रूस घालतात, त्याला त्यांची हरकत नव्हती.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी दीप्ती शाळेतून आली, चहात बिस्कीट बुडवलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही का आहात?"

"आज शनिवार. ऑफिसला सुट्टी."

"घरी का आहात असं नाही हो. मुळात का आहात? तुम्ही नसतात तरी चाललं असतं ना?"

राजश्री आतून हसली. खांबे हसले नाहीत. दीप्ती नववीत होती, आणि या वयात पोरं असं बोलायला लागली की मोबाईल तपासावा, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी मोबाईलऐवजी वही तपासली.

वहीवर लिहिलं होतं : तत्त्वज्ञान वर्ग, दर शनिवारी, सिस्टर रेजिना. आत सुबक अक्षरात सॉक्रेटिसला विष का पाजलं ते होतं. ते खांब्यांना आवडलं. पुढे आणखी दोन ग्रीक होते. तेही चाललं असतं. मग आफ्रिकेतला एक बिशप होता, लहानपणी त्यानं शेजाऱ्याच्या झाडावरचे पेर चोरले आणि म्हातारपणापर्यंत त्याचा पश्चात्ताप केला. आणि मग तेराव्या शतकातला इटलीचा एक संन्यासी. तो अंगानं आडवा आणि वर्गात गप्प, म्हणून बरोबरीची पोरं त्याला मुका बैल म्हणायची. दीप्तीनं समासात बैल काढलाही होता, डोक्यामागे तेजाचं वलय असलेला. खाली मथळा : ईश्वर आहे काय? पाच वाटा.

खांब्यांनी वही मिटली. आजोबांनी एका फडक्यात बांधून घालवलेला देव पाच वाटांनी परत येऊ घातला होता.

सोमवारी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि हरकत लेखी केली. मुद्दे तीन. एक, पालकांना न कळवता धर्माचं शिक्षण दिलं जात आहे. दोन, जगातलं सगळं कारणांनी समजावता येतं, त्यात ईश्वराची गरज नाही. तीन, जगात इतकं दुःख असताना कुणी दयाळू कर्ता आहे असं पोरांना सांगणं ही फसवणूक आहे. खाली सही, तारीख.

सिस्टर रेजिना वसईच्या. वय साठीच्या पुढे, बांधा लहान, गुडघे दुखरे. शाळेमागच्या वाफ्यात स्टुलावर बसून त्या पालक खुडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा चढवला आणि अर्ज दोनदा वाचला.

"पहिला मुद्दा खरा आहे," त्या म्हणाल्या. "मी चिठ्ठी पाठवायला हवी होती. माफ करा. तिसरा फार चांगला आहे. दुसराही. पण खांबेसाहेब, हे दोन्ही त्या बैलानं स्वतःच लिहून ठेवलेत. आणि, रागावू नका, तुमच्यापेक्षा जरा जोरात."

"म्हणजे?"

सिस्टरांनी त्यांना आत नेलं आणि स्वतः मराठीत उतरवलेली टिपणं काढली. निळ्या शाईची, झेरॉक्सची, कडेला चहाचे डाग. खांबे उभ्यानंच वाचू लागले. प्रकरण सुरूच होत होतं ते ईश्वर नसावा या बाजूनं. आधी विरुद्ध पक्षाच्या हरकती, एकेक, क्रमवार, कुठेही न हिणवता. मग उलट बाजूचं एक वाक्य. मग संन्याशाचा स्वतःचा निर्णय, कारणांसहित. आणि शेवटी प्रत्येक हरकतीला वेगळं उत्तर, एकही न गाळता.

खांबे हळूच खुर्चीवर बसले. "ही तर तक्रार केस आहे," ते म्हणाले.

"असेल. मला त्यातलं कळत नाही."

"हरकतदाराचं म्हणणं आधी. निकाल नंतर. आमच्याकडे वरिष्ठांना हे सांगून सांगून दमलो मी. लोक निकाल आधी लिहितात." मग आपण कशाला आलो आहोत ते त्यांना आठवलं. "पण सिस्टर, शेवटी तुम्हाला मुलांना तुमच्या देवाकडेच न्यायचं आहे ना?"

"माझी इच्छा विचाराल तर हो," सिस्टर म्हणाल्या. "मी खोटं कशाला बोलू? रोज प्रार्थना करते मी त्यांच्यासाठी. पण वर्गात मी त्यांना वाद घालायला शिकवते. न भांडता मानलेला देव एका मोबाईलसरशी जातो. आणि आमच्यात असं मानतात की खरं कुणी का सांगेना, ग्रीकानं सांगो नाहीतर अरबानं, ते देवाकडूनच आलेलं असतं."

"म्हणजे मी सांगितलेलंसुद्धा?"

"तुमचं जेवढं खरं असेल तेवढं."

खांबे अर्ज परत घेऊन निघाले. तो मागे घेतलेला नाही, सुनावणी प्रलंबित आहे, असं त्यांनी घरी सांगितलं. हरकतदार म्हणून आपल्याला वर्गाला हजर राहण्याचा हक्क आहे, असंही. पुढच्या शनिवारी ते मागच्या बाकावर बसले. बाक लहान होता, गुडघे वर आले.

वर्गात मुलं आठ. सिस्टर सांगत होत्या, वीर स्टेशनात मालगाडीचे डबे उभे आहेत. एक डबा दुसऱ्याला ओढतो, दुसरा तिसऱ्याला. डबे कितीही जोडा, पार गोव्यापर्यंत जोडा, इंजिन नसेल तर हलतील का? मग जगाच्या डब्यांना इंजिन कोणतं? मुलं गडबडीनं बोलायला लागली. खांब्यांचा हात वर जाता जाता राहिला.

मग सिस्टरांनी जाहीर केलं की फेब्रुवारीत पालकांसमोर वादसभा होईल, जुन्या काळच्या विद्यापीठात व्हायची तशी. एक मुलगा ईश्वर आहे म्हणेल, एक नाही म्हणेल. नियम एकच. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं असं मांडायचं की तो म्हणाला पाहिजे, हो, मला हेच म्हणायचं होतं. ते जमल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. चिठ्ठ्या टाकल्या. ईश्वराच्या बाजूनं दीप्ती खांबे निघाली. विरुद्ध बाजूनं शुभम उतेकर.

शुभम वरंधकडचा. त्याचे वडील दत्ताराम उतेकर हे गावचे मोठे शेतकरी, शिमग्याला पालखीचा पहिला खांदा त्यांचा. घरात तीन देव्हारे. दोनच वर्षांपूर्वी पोलादपूरकडच्या एका जमिनीच्या फेरफारात ते खांब्यांसमोर उभे राहिले होते आणि निकाल त्यांच्याविरुद्ध गेला होता. चिठ्ठ्या निघाल्यावर चार दिवसांनी ते पोलादपूरच्या ऑफिसात आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"सर्कलसायेब, देव नाय असं पोराला बोलायचं हाय. आमच्या घरात कोणाला जमंल ते? मी म्हटलं, खांबे सायेबास्नी इचारावं. तुमच्यात मानत नायत ना?"

"नाही मानत."

"मग शिकवा त्याला. माझी पोरगी असती नि तुमच्या पोरीसारखी हाय म्हणायची पाळी आली असती, तर मी शिकवलं असतं."

"काय शिकवलं असतं?"

दत्तारामनी विचार केला. "हाय म्हणजे हाय. त्याला कारण कसलं?"

अशा रीतीनं खांबे आपल्याच मुलीच्या विरुद्ध पक्षाचे वकील झाले. दर रविवारी शुभम एस.टी.नं महाडला यायचा. हॉलमध्ये खांबे त्याला शिकवायचे, आतल्या खोलीत दार लावून दीप्ती तयारी करायची, आणि राजश्री दोन्हीकडे पोहे न्यायची. "बाहेर काय चाललंय ते मला सांगायचं नाही," असं दीप्तीनं आईला बजावलं होतं. राजश्री म्हणाली, "बाहेर काय चाललंय ते बाहेरच्यांना तरी कुठे कळतंय?"

कारण अडचण तो नियम होता. विरुद्ध बाजू मांडता आली पाहिजे म्हणून खांब्यांना आधी ती स्वतः कळायला हवी होती. ते सिस्टरांची टिपणं ऑफिसात नेऊ लागले. दुपारचा डबा खाताना वाचायचे. हालचाल, कारण, असणं आणि नसणं, कमीजास्तपणा, हेतू. कोतवाल चंदू एकदा विचारून गेला, "सायेब, ही कुठल्या गावची केस?" खांबे म्हणाले, "इटलीची." जानेवारी संपता संपता त्यांना पाचही वाटा तोंडपाठ होत्या, आणि तालुक्यात सिस्टर सोडल्या तर एवढं त्या बैलाला ओळखणारा दुसरा माणूस नव्हता. हे सगळं आपण त्याला पाडण्यासाठी करतो आहोत, असं ते स्वतःला सांगत. पण एका रविवारी शुभमनं बैलाची तिसरी वाट चुकीची मांडली तेव्हा ते इतके चिडले की शुभमच बिचकला. "असं नाही म्हणत तो! इतका मूर्ख आहे का तो?"

वादसभेच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सत्तरेक पालक होते. कार्यक्रमपत्रिकेवर छापलं होतं : ईश्वराच्या बाजूने कु. दीप्ती अरविंद खांबे. त्यात खांब्यांच्या बौद्धवस्तीतले दोघेतिघे ओळखीचे होते. त्यांनी ती ओळ वाचली, मग खांब्यांकडे पाहिलं, मग पुन्हा ओळ वाचली.

दीप्तीनं डब्यांपासून सुरुवात केली. शुभमनं तिचं म्हणणं आधी नीट मांडलं, ती "हो, हेच" म्हणाली, मग त्यानं विचारलं की रूळ गोल असले आणि पहिला डबा शेवटच्याला जोडला असला तर? हॉल हसला. खांबे पुढे सरकून बसले. हा मुद्दा त्यांचा होता. दीप्तीनं तो त्याच्यापेक्षा चांगला मांडला आणि मग शांतपणे सोडवला : गोल जोडलेले डबेसुद्धा आपणहून चालू लागत नाहीत, गोल उभे राहतात. टाळ्या पडल्या. खांब्यांचेही हात टाळीसाठी जुळले आणि अर्ध्यात थांबले. ते दुसऱ्या पक्षाचे होते.

मग शुभमनं हातातला कागद घडी करून खिशात टाकला. त्यावर खांब्यांनी लिहून दिलेली दुःखाची हरकत होती, तीन परिच्छेदांत, व्यवस्थित.

"माझ्या आत्याचं घर डोंगराखाली होतं," तो म्हणाला. "दरड आली तेव्हा ती देवाला दिवा लावत होती. असं शेजारचे सांगतात. ती वाईट नव्हती. तिनं रोज दिवा लावला. ज्यानं लावला नाही तो खाली नाते गावाला गेलेला, तो वाचला. देव असेल, तर त्याला दिसलं नाही का? दिसलं, तर त्यानं काय केलं? एवढंच."

दत्ताराम मान खाली घालून बसले होते. गेलेली बाई त्यांची सख्खी बहीण.

आता नियमाप्रमाणे दीप्तीला हे आपल्या तोंडानं मांडायचं होतं. तिनं वही मिटली.

"शुभमचं म्हणणं असं," ती म्हणाली, "की दरड कशी आली हे तो विचारत नाही. पाऊस, माती, ते त्याला माहीत आहे. ज्या बाईनं देवाची आठवण ठेवली, तिची आठवण देवानं ठेवली नाही, तर तो देव असला काय आणि नसला काय, आत्याच्या घराला त्याचा काय उपयोग? असं तो म्हणतो."

शुभमनं मान हलवली. "हो. हेच."

"याचं उत्तर माझ्या वहीत आहे," दीप्ती म्हणाली. "देव वाईटातूनही चांगलं काढू शकतो, असं. मी ते पाठ केलंय. पण ते मला आज बोलावंसं वाटत नाही. माझी बाजू त्यावाचून जेवढी उरेल तेवढी धरा." आणि ती बसली.

पालकांनी हात वर करून कौल दिला. दीप्ती मोठ्या फरकानं जिंकली. शेवटी सिस्टर उठल्या. दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवून त्या एवढंच म्हणाल्या की ज्यांना उत्तर पाठ असूनही गप्प बसता येतं, त्यांना आता तत्त्वज्ञान शिकवायला हरकत नाही.

बाहेर चहाच्या टेबलाशी लोकांनी खांब्यांना गाठलं. एका बाईनं सांगितलं, "किती श्रद्धाळू मुलगी! घरातले संस्कारच असतात हो." खांब्यांनी कप बशीत ठेवला आणि धन्यवाद म्हटलं. वस्तीतला ओळखीचा एकजण जवळ येऊन म्हणाला, "अरविंदा, काय रे हे?" त्यालाही त्यांनी धन्यवाद म्हटलं.

दत्तारामना लोक वेगळं बोलत होते. पालखीच्या मानकऱ्याचा पोरगा देव नाही म्हणतो, हे गावात कसं सांगायचं? दत्ताराम त्यांना सोडून खांब्यांकडे आले.

"ते आत्याचं तुम्ही शिकवलंत त्याला?"

"नाही. मी वेगळं लिहून दिलं होतं. ते त्याचं स्वतःचं."

"हां." दत्तारामनी टोपी काढून परत घातली. "तिला जाऊन इतकी वरसं झाली, पन मी कोणाकडं बोललो नाय. मनात मात्र व्हतं." मग ते म्हणाले, "उद्या सोमवार. देवळात जायचं हाय सकाळी. जाईन. पन इचारीन त्याला."

घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेल्या दीप्तीला खांब्यांनी विचारलं, "मग आता तू मानतेस का?"

"काय?"

"ईश्वर."

"छे," दीप्ती म्हणाली. "त्यात एक भोक आहे ना. तुम्ही शुभमला सांगाल म्हणून मी घाबरले होते. तुम्हाला दिसलंच नाही."

खांब्यांनी स्कूटर बाजूला घेतली. "कुठे आहे भोक?"

"डबे, इंजिन, सगळं ठीक आहे. पण पहिल्या तिन्ही वाटांच्या शेवटी तो म्हणतो ना, यालाच सगळे ईश्वर म्हणतात. सगळे म्हणजे कोण? आपण नाही म्हणत. आजोबांचे आजोबा म्हणायचे, तेव्हा त्यांना देवळात तरी घेत होते का? 'सगळे' कसं काय लिहिलं त्यानं?"

खांब्यांनी हजारो नोटिसा काढल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर 'तमाम लोकांस कळविण्यात येते' असं होतं. त्या 'तमाम'मध्ये कोण धरले, कोण राहिले, हे पाहण्यात त्यांची नोकरी गेली होती. आणि तीन महिने रोज दुपारी वाचूनही तो शब्द त्यांच्या डोळ्यांखालून गेला होता.

"मग बोलली का नाहीस?" ते म्हणाले.

"माझी बाजू ती होती ना, पप्पा. विरुद्ध बाजूची हरकत मी कशी घेणार?"

त्यांनी स्कूटर सुरू केली. वाईट वाटायला हवं होतं, पण बाजारपेठ येईपर्यंत ते स्वतःशी हसत होते.

एप्रिलमध्ये सिस्टर रेजिना यांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वसईला परत बोलावलं. निरोपाला त्यांनी खांब्यांच्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला. नव्या सिस्टर गणिताच्या आहेत, म्हणाल्या. शनिवारचा वर्ग बंद पडेल.

"मी? सिस्टर, मी बौद्ध आहे. सरकारी नोकर आहे. आणि मला त्याचं पटत नाही."

"पटत नाही ते मला माहीत आहे. पण तुम्ही त्याला खोटं पाडायला त्याच्या तोंडी खोटं घालणार नाही. तेवढं पुरे. मुख्याध्यापकांना मी विचारलंय."

खांब्यांनी फुकट शिकवायला रीतसर परवानगी मागणारा अर्ज वरच्या ऑफिसला पाठवला. विषयाच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून 'प्राचीन व मध्ययुगीन' एवढंच लिहिलं. किल्ल्यांविषयी असेल असं समजून परवानगी मिळाली.

जूनपासून ते शनिवारी जाऊ लागले. दीप्ती दहावीत गेली, तिनं क्लासचं कारण सांगून वर्ग सोडला. शुभम मात्र येत राहिला. सात मुलं होती. ग्रीक संपले, चोरीचे पेर संपले, बैल आला. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या सेजलनं हात वर केला.

"सर, तुमचा यावर विश्वास आहे का?"

शुभमनं तिच्याकडे रागानं पाहिलं. खांब्यांनी खडू ठेवला.

"नाही."

"सिस्टरांचा होता?"

"होता. आहे."

"मग तुम्ही दोघं एकच कसं शिकवता?"

खांब्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग टिपणांकडे. हरकत नोंदवून घेतली आहे, ते म्हणाले, निर्णय पुढच्या शनिवारी.

संध्याकाळी त्यांनी वसईला फोन लावला आणि प्रश्न सांगितला. सिस्टर फिजिओथेरपी संपवून पडल्या होत्या. ऐकून त्या इतक्या हसल्या की पलीकडे कुणीतरी त्यांना दटावलं.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "वर्ग तुमच्याकडे दिला तेव्हा मला आशा होती की सहा महिन्यांत तुम्ही वळाल. अजून रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेते मी."

"घ्या की," खांबे म्हणाले. "माझी हरकत नाही. पण सेजलला काय सांगू?"

"ते मला कुठे येतंय? तुम्ही आधी तिचा प्रश्न तिच्यासमोर नीट मांडा. हो म्हणते का बघा. आणि खांबेसाहेब, चौथी वाट घाईत उरकू नका. मी ती नेहमी घाईत उरकायचे. मला स्वतःला ती कधी नीट कळलेली नाही."

"मला कळली आहे," खांबे म्हणाले, आणि गॅलरीत खुर्ची ओढून घेऊन त्यांनी ती समजवायला सुरुवात केली.